पक्का की शेवटचा?

वकीलसाहेबांच्या टेबलावर तात्यांनी पिशवी उलटी केली, तेव्हा आधी चष्म्याचं घर बाहेर पडलं, मग तंबाखूची डबी आणि मग कागद. तालुक्याच्या कोर्टासमोरचा तो एक गाळा, शेजारी टायपिंगवाला, पलीकडे स्टँपव्हेंडर. वरचा पंखा कागद उडवायला बघत होता म्हणून वकीलसाहेबांनी एकेका गठ्ठ्यावर हाताला लागेल ती वस्तू ठेवली. स्टेपलर, शिक्क्याचं पॅड, चहाचा रिकामा ग्लास. सातबारे कित्येक सालांचे होते. जुने हातानं लिहिलेले, घडीवर विरलेले, तलाठ्याचा गोल शिक्का जांभळा होत पुसट झालेला. नवे संगणकातून काढलेले, गुळगुळीत. तात्या माझे धाकटे चुलते. त्यांच्या चुलतभावानं दावा लावलाय की आजोबांच्या हयातीत वाटप झालंच नव्हतं, सगळी जमीन अजून एकत्रच आहे. तात्यांनी एका कागदावर बोट ठेवलं आणि ते तिथून हलवलंच नाही. ‘‘हे बघा नाव. फेरफार आहे, पीकपाहणी आहे, वर्षानुवर्षं शेतसारा मी भरतोय. आणखी काय पाहिजे?’’ वकीलसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, ‘‘तात्या, सातबारा कन्क्लूसिव नसतो हो.’’

परतीच्या एसटीत तात्या बराच वेळ गप्प होते. घाट लागला तसं म्हणाले, ‘‘ते काय म्हणाले, कन्क्लूजिव? म्हणजे पक्का का शेवटचा?’’

मी म्हटलं, ‘‘पक्का.’’ त्यावर ते लगेच, ‘‘मग सातबारा कच्चा म्हणायचा?’’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण मला खरं टोचत राहिलं ते त्यांच्या प्रश्नातलं ‘का’. पक्का का शेवटचा. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसानं एका इंग्रजी विशेषणाची बरोबर शिवण धरून ती उसवली होती. पक्की गोष्ट शेवटची असतेच असं नाही आणि शेवटची गोष्ट पक्की असतेच असं तर मुळीच नाही. या दोन्हींना एकाच शब्दात कोंबायचं कोणाला सुचलं असेल?

सातबारा कच्चा आहे हे गावाकडच्या माणसाला सांगणं किती कठीण आहे, ते ज्यानं कधी तलाठी कार्यालयाच्या पायरीवर दुपार काढली आहे त्यालाच कळेल. आमच्याकडे सातबारा हा कागद नसतो, ती हैसियत असते. स्थळ बघायला आलेले लोक चहाच्या आधी सातबारा विचारतात. कर्जमाफीचं आश्वासन द्यायचं तर पुढारी ‘सातबारा कोरा करू’ म्हणतात. एखाद्यावर मालकी सांगायची झाली की ‘काय सातबारा तुझ्या नावावर आहे का’ असं विचारतात. आणि कायदा काय म्हणतो, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १५७: अधिकार अभिलेखातली नोंद खरी आहे असं गृहीत धरलं जाईल, तिच्या विरुद्ध काही शाबीत होईपर्यंत किंवा तिच्या जागी दुसरी नोंद कायदेशीरपणे येईपर्यंत. म्हणजे तात्यांचं नाव खरं आहे, पण ‘तोपर्यंत’ खरं आहे. मुळात तो महसूल गोळा करण्यासाठी ठेवलेला कागद. सरकारला सारा कोणाकडून घ्यायचा ते कळावं म्हणून लिहिलेलं नाव. मालक कोण हे ठरवायचं काम त्याच्यावर कधी सोपवलेलंच नव्हतं. ते आपणच त्याच्यावर लादलं.

वकिलांच्या भाषेत याला तीन पायऱ्या आहेत. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ४ मध्ये त्या एकाखाली एक मांडल्या होत्या आणि कोर्टात आजही त्या इंग्रजीतच म्हटल्या जातात. ‘मे प्रिझ्यूम’ म्हणजे न्यायाधीशाला वाटलं तर गृहीत धरावं, नाहीतर पुरावा मागावा. ‘शॅल प्रिझ्यूम’ म्हणजे गृहीत धरलंच पाहिजे, पण समोरच्याला ते खोडून काढायची मोकळीक आहे. तात्यांचा सातबारा या मधल्या पायरीवर बसतो. आणि तिसरी ‘कन्क्लूसिव प्रूफ’. एक गोष्ट शाबीत झाली की दुसरी शाबीत झालीच असं कोर्टानं मानायचं, आणि ती खोटी पाडण्यासाठी कोणालाही पुरावा देऊ द्यायचा नाही. हे शेवटचं वाक्य मी दोनतीनदा वाचलं. त्यात कुठेही असं म्हटलेलं नाही की ती गोष्ट खरी असते. शंका उरत नाही असंही म्हटलेलं नाही. एवढंच म्हटलंय की शंका घेऊन आलेल्या माणसाला आत घ्यायचं नाही.

शब्दाच्या पोटातही हेच आहे. लॅटिनमध्ये ‘क्लाउडेरे’ म्हणजे बंद करणं. त्याला ‘कॉन्’ लागलं की ‘कॉन्क्लुडेरे’, पार बंद करणं, कोंडून घालणं. माणसं कोंडायची, जनावरं कोंडायची, आणि मग सिसेरोसारख्या वक्त्यांच्या तोंडी युक्तिवादाची कडी लावायची. त्याच घरातले इन्क्लूड आणि एक्स्क्लूड, म्हणजे आत कोंडणं आणि बाहेर ठेवून दार लावणं. करारातला क्लॉज त्यातलाच, क्लोजेट त्यातलंच, बंद खोलीत घुसमटणाऱ्यांचा क्लॉस्ट्रोफोबियाही तोच. इंग्रजीत कन्क्लूसिव हे विशेषण चारएकशे वर्षांपासून वापरात आहे. आधी त्याचा अर्थ नुसता ‘शेवटी येणारा’ असा होता, ‘वाद मिटवणारा’ हा अर्थ त्याला नंतर चिकटला. तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंच तर, शब्द आधी शेवटचा होता, पक्का मागाहून झाला.

मूळ आणखी मागं नेलं की भाषाशास्त्रज्ञ एका लाकडी खुंटीपाशी पोचवतात. दाराला कुलूप येण्याआधी लोक वाकडी खुंटी किंवा आकडा अडकवून दार बंद करत. त्या खुंटीचं नाव ज्या धातूपासून आलं, त्याच धातूपासून लॅटिनमध्ये बंद करण्याचं क्रियापद आलं आणि किल्लीचं नावही आलं, ‘क्लाविस’. खांद्यापाशी आडवं असतं त्या हाडाला डॉक्टर क्लॅव्हिकल म्हणतात, म्हणजे छोटी किल्ली. आणि हेच क्लाविस पोर्तुगिजांच्या तोंडी ‘शाव्ही’ झालं, जहाजातून गोव्याला, वसईला उतरलं आणि आपल्याकडे ‘चावी’ होऊन राहिलं. आमच्या घरात आजी किल्ली म्हणायची आणि मुंबईहून आलेली माणसं चावी म्हणायची, तेव्हा चावी हा मला नेहमी मुंबईचा शब्द वाटायचा. तो रोमचा निघाला. आपल्या दाराचं सगळंच असं गोळा केलेलं आहे. कुलूप अरबीतल्या ‘कुफ्ल’ची उलटापालट, बिजागरी पोर्तुगीज, चावी पोर्तुगीज. तात्यांच्या सदऱ्याच्या खिशात घराची चावी होती आणि कानात कन्क्लूसिव घुमत होतं, आणि दोघी एका आईच्या लेकी, हे कळल्यावर मला उगीचच बरं वाटलं. त्यानं दाव्यात काही फरक पडत नाही, हे मान्य.

पण सगळ्यात जास्त मी थबकलो ते एडवर्ड कोकपाशी. सतराव्या शतकातला इंग्लंडचा हा मोठा कायदेपंडित. १६२८ मध्ये छापलेल्या त्याच्या भाष्यात ‘एस्टॉपेल’ची व्याख्या आहे, आणि त्याला तो दुसरं नाव देतो, ‘कन्क्लूजन’. का, तर माणसाची स्वतःचीच कृती किंवा स्वतःच दिलेली कबुली त्याचं तोंड बंद करते. इतकं बंद, की मग त्याला खरं सांगायचीसुद्धा सोय राहत नाही. कोक ‘खरं’ हाच शब्द वापरतो. खोटं बोलणाऱ्याचं तोंड बंद करणं समजू शकतो, पण खरं बोलणाऱ्याचं तोंड बंद करायलाही कायद्याला एक शब्द लागतो आणि तो शब्द हाच, हे कोकनं जराही न लाजता लिहून ठेवलंय. मला त्याच्या त्या निर्लज्जपणाचं कौतुक वाटलं. आजचा कोणी असता तर ‘व्यापक न्यायहितासाठी’ असं काहीतरी मध्ये घातलं असतं.

आपल्याकडे शंकेला कोंडत नाहीत. आपल्याकडे ती भिंतीवर असते. मनात शंकेची पाल चुकचुकते, आणि पाल ही अशी वस्तू आहे की दार लावून तिचं काहीच बिघडत नाही. शंका गेली हे सांगायला आपण जे शब्द वापरतो त्यातला मला सगळ्यात आवडणारा शब्द ‘खातरजमा’. फारसीतून आलेला; खातर म्हणजे मन, आणि ते जमा होणं. शंकेत मन पांगलेलं असतं, दहा दिशांना गेलेलं असतं, ते परत एका जागी गोळा झालं की खातरजमा. त्यात ना दार आहे ना कुलूप, कोणाचं तोंडही बंद केलेलं नाही. आणि कोर्टकचेऱ्यांच्या कागदात मात्र आपण ‘निर्णायक’ लिहितो, तो संस्कृतातून उचललेला. नी म्हणजे नेणं. निर्णय म्हणजे बाहेर नेऊन सोडणं. न्यायदर्शन म्हणजे तर्काचं आपलं जुनं शास्त्र; त्याच्या सोळा पदार्थांच्या, म्हणजे विचाराच्या विषयांच्या, यादीत संशय तिसऱ्या क्रमांकावर येतो आणि निर्णय नवव्या. मध्ये प्रयोजन, दृष्टान्त, सिद्धान्त, अवयव आणि तर्क. निर्णयाचं सूत्रच असं आहे की पक्ष आणि प्रतिपक्ष दोन्हींचा विचार करून अर्थ निश्चित करणं. संशयाचं त्यांचं ठरलेलं उदाहरण म्हणजे तिन्हीसांजेला लांबवर दिसणारी उभी आकृती, ‘स्थाणुर्वा पुरुषो वा’, खांब आहे की माणूस. जवळ जाऊन बघितल्याशिवाय सुटका नाही. संशयाला त्यांनी शत्रू मानलेलं नाही, कामाची सुरुवात मानलेलं आहे. अर्थात शब्दाच्या मुळात चांगलं काही सापडलं म्हणून त्या शब्दानं काम करणारी माणसं चांगलीच वागतात असं नाही. सोळा पदार्थांच्या त्याच यादीत पुढे जल्प, वितंडा आणि छल हे नुसतं जिंकण्यासाठी वाद घालायचे प्रकारही आहेतच.

आणि आपल्या जुन्या निवाड्यांचा इतिहास तर भलताच अंगावर येणारा आहे. शिवकाळात आणि पेशवाईत पाटीलकीचं वतन, कुलकर्ण, देशमुखी यांवरून भाऊबंदांत जे कज्जे चालत, ते आधी गोतासमोर, म्हणजे भाऊबंद आणि गावकऱ्यांच्या सभेसमोर येत. वादी आणि प्रतिवादी दोघांकडून सुरुवातीलाच राजीनामा लिहून घेत. आज नोकरी सोडताना आपण जो देतो तो नव्हे. जो निवाडा होईल तो मला राजी आहे, असं आधीच कबूल करणारा कागद. म्हणजे कोकचंच कन्क्लूजन, स्वतःच्या हातानं लिहून आपलं तोंड आधी बांधून घेणं. मग साक्षी, कागदपत्रं, गावच्या जुन्या माणसांच्या जबान्या. आणि एवढं करूनही उलगडा झाला नाही तर दिव्य. रवा-दिव्यात उकळत्या तेलातुपात धातूचा तुकडा टाकत आणि वादीनं किंवा प्रतिवादीनं तो हातानं काढायचा. मग हात पिशवीत घालून वर मोहर करायची, म्हणजे मधल्या काळात कोणी औषधपाणी करायला नको. काही दिवसांनी सगळ्यांसमोर मोहर फोडून हात बघायचा. भाजला तर खोटा, नाही तर खरा. हरणाऱ्यानं ‘येजितखत’ लिहून द्यायचं, मी हरलो, या वतनाशी माझा आता संबंध नाही. जिंकणाऱ्याला महजर, म्हणजे निवाड्याचा कागद.

त्या मोहरबंद पिशवीपाशी मी बराच वेळ अडकलो. आत हात, बाहेर गाव. कोणाचा हात खरंच भाजला नसेल? तेल किती उकळलं होतं हे कोणाच्या हातात होतं? ज्याचा हात भाजला नाही त्याच्या घरच्यांना तरी रात्री झोप लागली असेल का? आणि गंमत अशी की येजितखत लिहून झाल्यावर दोन पिढ्यांनी हरणाऱ्याचा नातू पुन्हा उभा राही, आजोबांकडून जबरदस्तीनं लिहून घेतलं म्हणून. जुन्या वतनांचे कागद चाळणाऱ्यांना एकाच पाटीलकीचा कज्जा पिढ्यान्‌पिढ्या परत परत उघडलेला सापडतो. देवानं निकाल दिलेला असतानाही. हात भाजण्यापेक्षा निर्णायक तरी काय असणार? आणि तरी.

आपल्याकडे म्हण आहे, खुंटा हलवून बळकट करणे. ठरलेलीच गोष्ट पुन्हा विचारून पक्की करून घेणाऱ्याला टोमणा म्हणून ती वापरतात. पण गोठ्यात खुंटा रोवलेल्या माणसाला ठाऊक असतं की तो रोज थोडा हलवून बघावाच लागतो, नाहीतर रात्री बैल मोकळा. लॅटिनवाल्यांची खुंटी दाराला आणि आपला खुंटा जमिनीत, एवढा फरक. त्यांची एकदा अडकवली की काम झालं. आपला हलवत राहायचा.

ज्यानं कलम ४ लिहिलं तो जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. १८६९ ते १८७२ तो व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदेविषयक सभासद होता, आणि परत जाता जाता त्यानं पुरावा कायद्याचा मसुदा हातावेगळा केला. १ सप्टेंबर १८७२ ला कायदा अमलात आला आणि दीडशेहून जास्त वर्षं चालला. व्हर्जिनिया वुल्फचा हा सख्खा काका. कडक माणूस, शंकाकुशंकांना फार वेळ न देणारा. पुढे इंग्लंडात तो न्यायाधीश झाला आणि १८८९ मध्ये लिव्हरपूलला त्याच्यासमोर फ्लॉरेन्स मेब्रिकचा खटला आला. नवऱ्याला आर्सेनिक घालून मारल्याचा आरोप. स्टीफननं ज्युरीपुढे लांबलचक समारोप केला, ज्युरीनं दोषी ठरवलं, त्यानं फाशी सुनावली. आणि लोक उठले. समारोपात गोंधळ आहे, न्यायाधीशाचं डोकं ठिकाणावर नाही, असं उघड बोललं जाऊ लागलं. फाशीची जन्मठेप झाली. स्टीफनची बुद्धी खरोखरच ढासळत चालली होती. १८९१ मध्ये त्यानं पद सोडलं आणि १८९४ मध्ये तो वारला. शंकेला आत घ्यायचं नाही असं ज्यानं कायद्यात लिहून ठेवलं, त्याच्या शेवटच्या वर्षांत साऱ्या देशानं त्याच्यावरच शंका घेतली. याच्यात मला काव्यात्म न्याय दिसत नाही, वाईटच वाटतं. त्या बाईला तर चौदा-पंधरा वर्षं तुरुंगात काढावी लागली.

हा शब्द आपल्या पोरांना मात्र कोर्टानं नाही, क्रिकेटनं शिकवला. तिसरा पंच पडद्यावर तोच झेल सात कोनांतून बघायचा, चेंडूखाली बोटं आहेत की गवत ते दिसायचं नाही, आणि शेवटी म्हणायचा, कन्क्लूसिव पुरावा नाही, मैदानावरचा निर्णय कायम. २०२३ पर्यंत मैदानावरच्या पंचानं आधी अंदाजानं एक खूण करायची पद्धत होती, तो सॉफ्ट सिग्नल. म्हणजे ज्याला नीट दिसलं नाही त्याचा अंदाज, ज्याला सगळं दिसतंय पण ठरवता येत नाही त्याच्यापेक्षा वरचढ. ती पद्धत काढली हे बरंच झालं. तात्यांना मी सातबारा ‘सॉफ्ट सिग्नल’ आहे असं सांगून बघितलं. त्यांना क्रिकेटचं वेड आहे, पटकन कळलं. म्हणाले, ‘‘म्हणजे तलाठ्यानं नुसतं बोट वर केलंय.’’

जमिनीच्या मालकीला खरोखरच कन्क्लूसिव करायची युक्ती ज्याच्या नावावर आहे तो रॉबर्ट टॉरेन्स. दक्षिण ऑस्ट्रेलियात ॲडलेडला तो कस्टम्सचा अधिकारी होता. जहाजांची नोंदवही कशी असते ते त्याला माहीत. जहाज ज्याच्या नावानं वहीत, त्याचं. त्यानं विचार केला, जमिनीला हेच का नको? १८५८ मध्ये तिथं कायदा झाला. वहीत नाव चढलं की मालकी ठरली, मागच्या शंभर वर्षांची खरेदीखतं कोणी उकरायची नाहीत. आणि वहीच्या चुकीनं कोणाची जमीन गेलीच तर त्याला पैशात भरपाई, जमीन परत नाही. आपल्याकडे इंग्रजांनी ते आणलं नाही. आपल्याकडे नोंदणी होते ती दस्ताची. दोन माणसांनी व्यवहार केला एवढं त्यावरून कळतं, विकणारा खरंच मालक होता का याची हमी सरकार घेत नाही. २०२० मध्ये नीती आयोगानं राज्यांसाठी कन्क्लूसिव मालकीचा नमुना कायदा पुढे ठेवला. आंध्र प्रदेशानं तसा कायदा केलाही, त्यावर निवडणुकीत धुरळा उडाला, आणि २०२४ मध्ये नवं सरकार आल्याबरोबर तो रद्द केला. शेतकऱ्यांना भीती ही, की वहीत चुकून किंवा चुकवून दुसऱ्याचं नाव पडलं तर आपल्याला दाद मागायला दारच उरणार नाही. अर्थतज्ज्ञ यावर हळहळतात. मालकी ठरत नाही म्हणून कर्ज अडतं, प्रकल्प अडतात, कोर्टं तुंबतात. ते चूक नाहीत. पण मी तलाठ्याच्या दप्तरात खाडाखोड बघितली आहे, आणि दरवर्षी नांगराच्या एकेका फाळानं बांध कोरणारे शेजारीही बघितले आहेत. ज्याला नोंद करायला लावता येते त्याच्या हातात कायमचं कुलूप द्यायला माझं मन धजत नाही. तात्यांचा चुलतभाऊ वैताग आहे, पण त्याला येऊन भांडता येतं हे मला आतून कुठेतरी ठीक वाटतं. तात्यांसमोर हे बोलायची माझी छाती नाही.

एका जागी मात्र माझं मन उलट्या बाजूला जातं. स्टीफनच्या कायद्यातलंच कलम ११२. लग्न टिकून असताना किंवा ते संपल्यापासून २८० दिवसांच्या आत, आईनं दुसरं लग्न केलेलं नसताना जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचंच, हा कन्क्लूसिव पुरावा. अपवाद एकच, की त्या काळात दोघं एकमेकांना भेटूच शकत नव्हते असं दाखवता आलं तर. स्टीफनच्या काळी रक्त तपासून बाप सांगता येत नव्हता, त्यामुळे हे दार लावणं सोपं होतं. मग डीएनए आला. २०१४ मध्ये नागपूर खंडपीठाकडून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे दोन तपासण्या होत्या, एक नागपूरच्या प्रयोगशाळेची, दुसरी हैदराबादची, आणि दोन्ही म्हणत होत्या की हा नवरा त्या मुलीचा बाप नाही. त्याच्याकडून पोटगी मागितलेली होती. न्यायालयानं म्हटलं, कायद्यानं मानलेलं आणि विज्ञानानं दाखवलेलं यांत भांडण झालं तर विज्ञान जिंकेल. जवळजवळ दीडशे वर्षं लावलेली कडी त्या दिवशी निघाली.

वाचताना पहिल्यांदा मला हे अगदी रास्त वाटलं. खरं ते खरं. मग त्या मुलीचा विचार आला. निकालाच्या दिवशी ती शाळेत गेली असेल का, घरात कोणी तिला काय सांगितलं असेल, आणि दोन प्रयोगशाळांच्या कागदांनी तिच्याकडून जे काढून घेतलं त्याची भरपाई कोणत्या वहीत लिहिलेली आहे? पुढच्या निकालांत न्यायालयानं पाऊल बरंच मागं घेतलं. २०२३ मध्ये सांगितलं, नवऱ्याला संशय आला म्हणून उठसूट मुलाचा डीएनए तपासायचा नाही, मूल ही काही पुराव्याची वस्तू नाही. २०२५ च्या जानेवारीत पुन्हा, लग्नातून आलेलं औरसपण ठरलं की बाप ठरला, ‘भेटूच शकत नव्हते’ हे दाखवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय. तिथं हेच कलम ११६ झालंय आणि २८० दिवस जसेच्या तसे आहेत. खरं काय ते रक्तात लिहिलेलं असेल. पण शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव लिहिताना त्या पोरीचा हात थांबू नये, एवढ्यापुरतं कोणाचं तोंड बंद करावं लागलं तर ते मला चालेल.